अंतर जास्त, वेळ कमी

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को किती लांब? मोबाइल सांगतो, सुमारे १२,४०० किलोमीटर. आकडा बरोबर आहे. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, एवढाच भरेल. पण हा दोरा अटलांटिकवरून जात नाही. तो तिबेट, सायबेरिया ओलांडून आर्क्टिक महासागरापर्यंत चढतो आणि अलास्कावरून खाली येतो. भिंतीवरच्या सपाट नकाशाची सवय असलेल्यांना हे पटवायला वेळ लागतो.

विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर वैमानिकाला लगेच दहा हजार फुटांपर्यंत खाली यावं लागतं. तिबेटात जमीनच त्याहून उंच. खाली येणार कुठे?

एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचं. मग ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंड फिरवलं आणि पूर्वेला, पॅसिफिकवरून निघाले. वाट सुमारे १,४०० किलोमीटरनी लांबली, एकूण १५,३०० च्या आसपास गेली. आणि वेळ? जवळजवळ दोन तासांनी कमी झाला! साडेचौदा तासांत पोचले. भागाकार करून पाहा, ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग येतो. हवेच्या तुलनेत बोइंग ७७७ चा वेग साधारण नऊशे. वरचे शंभर-दीडशे वाऱ्याचे.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा, हिवाळ्यात जोर धरणारा. वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता. जगाला कळावं म्हणून त्याने अहवाल एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. त्यामुळे तो जवळपास कुणीच वाचला नाही!

मुंबई–लंडनचं वेळापत्रक काढून बघा. जायला जास्त वेळ, यायला कमी. अंतर तेच, सुमारे ७,२०० किलोमीटर. घड्याळातला साडेचार-साडेपाच तासांचा फरक जाताना मिळवा, येताना वजा करा, नाहीतर उलटंच चित्र दिसेल.

जवळच्या प्रवासात वाऱ्यापेक्षा जमीन जास्त वेळ खाते. मुंबई–दिल्ली १,१४० किलोमीटर. तिकिटावर सव्वादोन तासांच्या आसपास वेळ असतो, पण हवेत विमान त्याहून बरंच कमी असतं. वेळापत्रकातला वेळ मोजतात तो विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे जाऊन उभं राहीपर्यंत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणी वापरता येत नाहीत. मग रांग लागते. ही रांग कंपन्यांनी आधीच वेळेत धरलेली असते, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं आणि आपण वैमानिकाचं कौतुक करतो.