19 वर्षांची शेवंती आणि मोजून 15 उड्या

[कॅमेरा घोडीच्या चेहऱ्यावर. डोळ्यांच्या वरची खळगी आणि कपाळावरचे पांढरे केस दिसतील इतक्या जवळून.]

ही शेवंती. वय 19. उंची खांद्यापाशी 53 इंच, म्हणजे 135 सेंटिमीटरच्या आसपास. घोडेस्वारीच्या स्पर्धांमध्ये 148 सेंटिमीटरपर्यंतच्या घोड्याला पोनी म्हणतात. आपल्याकडं तट्टू. भाडोत्री तट्टू, भाडोत्री तट्टू करून आपण तो शब्द पार वाया घालवलाय, म्हणून मीही पोनीच म्हणते.

शेवंतीला माळेगावच्या यात्रेत विकायला उभं केलं असतं, तर गिऱ्हाइकानं आधी तिचा ओठ उचलला असता. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर एक तपकिरी खाच असते. साधारण दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसायला लागते, पंधराव्या वर्षी अर्ध्या दातापर्यंत येते आणि विसाव्याला टोक गाठते. शेवंतीची जवळजवळ टोकाला आलीय. गिऱ्हाइकानं ओठ सोडला असता, हात पुसले असते आणि "म्हातारी हाय की ही" म्हणून पुढच्या घोड्याकडं गेलं असतं.

आणि मी, वय 36, संभाजीनगरच्या बाहेर एका छोट्या तबेल्यात हिच्याच पाठीवर शो जंपिंग शिकतेय. म्हणजे घोड्यावर बसून आडवे बांबू ओलांडणं. आजचा व्हिडिओ तसल्या एका तासाबद्दल.

आधी त्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, जो मला घरी, ऑफिसात आणि एकदा भाजी घेतानाही विचारला गेलाय. एवढ्या वयाच्या घोडीला उड्या मारायला लावणं बरं का?

1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये शो जंपिंगचं वैयक्तिक रौप्यपदक मॅरियन कोक्स या ब्रिटिश मुलीला मिळालं. तिच्या घोड्याचं नाव स्ट्रोलर. तो पोनी होता, वय 18, आणि त्या दिवसांत त्याचा एक दात दुखत होता. बाकीचे घोडे त्याच्यापेक्षा बरेच उंच. हे सांगितलं की लोक गप्प होतात, पण खरं सांगायचं तर हे उत्तर नाही. स्ट्रोलर लाखात एक होता. शेवंती अर्धा मीटर उंच बांबूवरून उडी मारते आणि तेवढीच मारणार आहे. बरं की वाईट, हे पाठीवर किती ओझं आहे, पायाखाली कसली जमीन आहे आणि एका दिवसात किती उड्या आहेत, यावर ठरतं.

ओझ्याचं घरच्या घरी मोजता येतं. शिवणकामाची टेप घ्यायची, पुरली नाही तर सुतळी. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजायचा. मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. मापं सेंटिमीटरमध्ये असली की उत्तर किलोत येतं. शेवंतीचा घेर 152, लांबी 147. वजन आलं 286 किलो. स्वार, खोगीर, हेल्मेट, बूट सगळं धरून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जाऊ नये असं मानतात. म्हणजे 57. माझं सामानासकट 54 होतं. काठावर पास. घरचे म्हणतात ही वाऱ्यानं उडेल. निदान इथं तरी ते कामी आलं. माझ्या नवऱ्याला शेवंतीवर बसता येणार नाही, त्यानं कितीही तोंड पाडलं तरी.

[कॅमेरा खाली, मैदानावर. हातात मुरूम घेऊन दाखवणे.]

आता जमीन. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, घोड्याच्या पायाला वैरीण. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती नालाला चिकटून पायाला शेर शेर वजन बांधते. म्हणून इथं मुरूम अंथरून वर वाळू टाकलीय. उडीनंतर घोडा खाली येतो तेव्हा सगळा भार आधी एकाच पुढच्या पायावर येतो. एका पायावर, आणि तोही वरून पडताना. पायाच्या मागं जी शीर, म्हणजे कंडरा, हाताला दोरीसारखी लागते, ती हा ताण घेते. ती एकदा दुखावली की महिनोन्महिने गेले, आणि या वयात कदाचित कायमचे. म्हणून मोठा पाऊस झाला की तास रद्द. फी परत मिळत नाही, हेही सांगून ठेवते.

एप्रिलात आमचा तास सव्वासहाला असतो. पहिली वीस मिनिटं नुसतं चालणं. सुरुवातीची दहा-बारा पावलं शेवंती आखडून टाकते, आपली आजी पहाटे उठून मोरीकडं जाते ना, तशी. मग हळूहळू सांधे मोकळे होतात, पाऊल लांब पडायला लागतं. ते खाली न बघता पाठीवर कळलं पाहिजे, असं सरांचं म्हणणं. आमचे सर फौजेतून निवृत्त झालेत, कमी बोलतात.

मग दुडकी. टप-टप, टप-टप, दोन ठोके. जमिनीवर चार बांबू आडवे ठेवलेले, दोघांत साधारण 1.1 मीटर. त्यांवरून दुडकत जायचं. अर्धा तास गेला आणि अजून एकही उडी नाही! पहिल्या तासाला मी यावर कुरकुर केली होती.

त्यानंतर कँटर. हा शब्द नवा वाटेल, पण चाल तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. झाडूवर बसून "तबडक, तबडक" करत अंगणात पळायचो ना? त-ब-डक. तीन ठोके. तोच कँटर. उडीच्या आधी स्वारानं एवढंच करायचं असतं, हे तबडक तबडक मोडू द्यायचं नाही आणि बांबूच्या मधोमध सरळ यायचं. कुठून उडायचं ते शेवंती बघते. तरण्या घोड्याला ते शिकवावं लागतं, मग नवा स्वार आणि नवा घोडा दोघंही अंदाजपंचे. हिनं आयुष्यात हजारो वेळा ते अंतर मोजलंय.

पण मला ते कळायचं होतं अजून.

पहिल्या पाच उड्या फुलीच्या. दोन बांबू एकमेकांना छेद देऊन लावतात, मधला भाग सगळ्यात बुटका, त्यामुळं घोडी आपोआप मध्यावर येते. सहावी सरळ बांबूवरून, छान झाली. सातवीला मी खाली बघितलं. बस, एवढंच. खाली बघितलं की डोकं पुढं, खांदे पुढं, तोल गेला, आणि तोल सावरायला मी काय धरलं? लगाम. ती हवेत असताना तिच्या तोंडात लोखंडाचा हिसका बसला.

आठवीला शेवंती तबडक तबडक करत आली आणि बांबूपुढं उभी राहिली. मी तिच्या मानेला मिठी मारून लोंबकळतेय. तहसीलमध्ये फाईल अटकली की आपण म्हणतो ना, घोडं कुठं अडलं? मी त्या दिवशी मूळचं अडलेलं घोडं पाहिलं. स्पर्धेत याचे चार पेनल्टी गुण. दुसऱ्यांदा अडली की बाहेर.

मी टाच मारणार तेवढ्यात कुंपणावरून आमचे मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारे मामा ओरडले, "ताई, मारू नगा तिला! मघाशी तोंडात हिसका बसलाय. भ्यायलीय ती."

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोरचं अगदी जवळचं आणि थेट शेपटीमागचं नाही. उडी घेताना शेवटच्या क्षणी बांबू त्याच्या नजरेतून निसटतो. तोवर मान हलवून, डोकं उचलून त्यानं तो नीट बघून ठेवलेला असतो. मान हाच त्याचा तोल. ती मान मी ओढून धरली होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीपर्यंत मोठमोठे घोडदळवालेसुद्धा उडीवर मागं रेलून लगाम ओढायचे. फेडेरिको काप्रिली नावाच्या एका इटालियन घोडदळ अधिकाऱ्यानं दाखवून दिलं की घोड्याला मोकळं सोडा, स्वारानं पुढं झुकून त्याच्याबरोबर जावं. म्हणजे माझी चूक ऐतिहासिक होती.

सरांनी बांबू खाली ठेवला. जमिनीवर. "आयाळ धरा. मानेच्या मध्यावर, दोन्ही हातांनी. आणि नजर त्या लिंबाच्या शेंड्यावर." मैदानाच्या टोकाला लिंबाचं मोठं झाड आहे. आयाळ धरली की दोन कामं होतात, तोल गेला तरी लगाम ओढला जात नाही, आणि तिला केस ओढल्याचं फारसं काही वाटत नाही. जमिनीवरचा बांबू दोनदा. मग फुली. मग तीच अर्ध्या मीटरची उडी. कान पुढं करून आली आणि गेली, जणू मघाशी काही झालंच नव्हतं.

बांबूच्या रंगाबद्दल राहिलं. आमचे बांबू आधी भगवे होते, दिसायला झकास. घोड्याला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. त्याला निळा आणि पिवळा कळतो. तांबूस मुरमावर भगवा बांबू म्हणजे त्याच्या डोळ्याला मातीत माती. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींतही याच कारणानं नारिंगी पट्ट्या काढून पांढऱ्या केल्या. आमच्याकडं पांढरे-निळे केले. उतारवयात डोळा धूसर होतो, तेव्हा तर हे हवंच.

मामा कुंपणाच्या खांबावर खडूनं रेघा मारतात. तासाला 15 उड्या, त्यात माझी वाया गेलेली सातवीसुद्धा धरतात. त्या दिवशी तेरावी सुरेख झाली आणि सर म्हणाले, उतरा. उरलेल्या दोन पुढच्या तासाला जमा होत नाहीत. मी विचारलं होतं.

[तबेल्याबाहेर. बादली आणि पाण्याचा आवाज.]

मग चालवत चालवत श्वास खाली आणायचा आणि अंगावर पाणी ओतायचं. इथं माझं आणि मामांचं पटत नाही. घामेजल्या घोड्याला पाणी पाजू नये, असं ते बापजाद्यांपासून ऐकत आलेत. आता डॉक्टर सांगतात, पिऊ द्या आणि ओता भरपूर. मामा तोंड वाकडं करतात, पण बादली आणून देतात.

पुढचे दोन्ही पाय मात्र मामाच तपासतात. एक तळवा डाव्या पायावर, एक उजव्या. एक पाय जास्त गरम लागला किंवा फुगलेला वाटला की आठवडाभर सुट्टी. हेच दुसऱ्या दिवशी सकाळी परत, कारण सूज रात्रीतून येते.

आज सकाळी बघितलं, दोन्ही गार होते. दात झिजल्यामुळं तिला अख्खा कडबा चावत नाही, गोळे करून खाली टाकते. वर्षातून एकदा डॉक्टर येऊन दातांना कानस मारून जातात, आणि रोज कुट्टी भिजवून द्यायची. आता तीच खातेय. माईक जवळ नेते, ऐका.

[कॅमेरा स्थिर. कुट्टी चावण्याचा आवाज.]