विषाणूच्या हातातली कळ

नमस्कार, श्रोतेहो. परळला एचआयव्हीची औषधं देणाऱ्या एआरटी केंद्राबाहेरच्या बाकावर एका गृहस्थांनी मला रिपोर्ट दाखवला. म्हणाले, "मॅडम, विषाणू सापडतच नाही असं लिहिलंय. मग गोळ्या कशाला?"

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर टॅट नावाच्या, जेमतेम शंभर अमिनो आम्लांच्या प्रथिनात आहे.

एचआयव्ही पेशीत शिरला की स्वतःच्या जनुकांची प्रत पेशीच्या डीएनएत जोडून टाकतो. ती वाचून आरएनए बनवायचं काम पेशीचं यंत्र करतं, आरएनए पॉलिमरेज. पण ते वाचायला लागतं आणि थोडक्यात अडतं. सीएसएमटीहून सुटलेली लोकल मशीद यायच्या आधीच उभी राहावी, अगदी तसं.

तिला सिग्नल देतो टॅट. नुकत्याच बनलेल्या आरएनएचं टोक केसांच्या आकड्यासारखं दुमडलेलं असतं. अवघी ५९ अक्षरं. टॅट डीएनएवर नाही, या आकड्यावर बसतो. येताना पेशीचीच दोन प्रथिनं ओढून आणतो, सायक्लिन टी१ आणि सीडीके९. सीडीके९ पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट चिकटवतं आणि गाडी सुटते. नवे आरएनए बनतात, त्यांतून आणखी टॅट, आणि मग वाचन थांबता थांबत नाही. उंदराच्या सायक्लिन टी१मध्ये २६१व्या जागी एकच अमिनो आम्ल वेगळं आहे; तेवढ्यानं तिथे टॅटशी त्याची जोडी नीट जमत नाही. मला हे आजही थक्क करतं.

नागिणीच्या जातकुळीतला हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू तर आपल्या जनुकांचं वाचन सुरू करून देणारं प्रथिन, व्हीपी१६, सोबत घेऊनच पेशीत येतो.

आता त्या गृहस्थांच्या गोळ्या. विषाणूची प्रत बनणं, ती डीएनएत जोडली जाणं, नवे विषाणू तयार होणं, हे त्या रोखतात. टॅटची कळ मात्र तशीच राहते. एचआयव्ही ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक सीडी४ पेशींपैकी काही शांत झोपलेल्या असतात, त्यांत टॅट जवळजवळ नसतो, म्हणून विषाणू गप्प असतो. रक्ततपासणीत तो दिसत नाही. पेशी जागी झाली आणि गोळ्या बंद असल्या, तर बहुधा काही आठवड्यांतच तो परततो.

"मग ही कळच बंद करणारी गोळी नाही का?" त्यांनी विचारलं. समुद्री स्पंजातल्या एका रसायनावरून बेतलेला पदार्थ टॅटला अडवतो, हे मानवी पेशी घातलेल्या उंदरांत दिसलंय. दवाखान्यात तो अजून आलेला नाही.

त्यांनी रिपोर्टची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि औषधाच्या खिडकीपाशी रांगेत जाऊन उभे राहिले.