कांदा गुलाबी झाला का, ते दिसलं पाहिजे

[दृश्य: संध्याकाळ. पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीतलं स्वयंपाकघर. ओट्यावर भाजी चिरणारे हात.]

सात बाय आठ फुटांचं स्वयंपाकघर. एका भिंतीला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. ट्यूबलाइट मात्र समोरच्या भिंतीवर, म्हणजे ओट्याशी उभं राहिलं की बरोबर पाठीमागे. तीसेक वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये अशी मांडणी किती घरांत सापडते! उजेड पाठीवर पडतो आणि स्वतःचीच सावली भाजीवर. याच सावलीत इथे वर्षानुवर्षं मेथी निवडली गेली, तांदळातले खडे वेचले गेले.

या घरातल्या काकूंनी आता साठी ओलांडली आहे. त्या म्हणतात, पूर्वी याच ट्यूबमध्ये सगळं लख्ख दिसायचं. खरंच दिसत असणार. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, आतलं भिंग पिवळसर होत जातं आणि पडद्यापर्यंत पोचणारा उजेड घटतो. तेच काम करायला साठीच्या डोळ्यांना विशीच्या डोळ्यांपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश लागतो.

स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं की घरात चर्चा रंगते ती ट्रॉल्यांची, टाइल्सची, चिमणीची. दिव्यांची आठवण होते ती रंगकाम संपत आल्यावर. तोवर भिंती बंद झालेल्या असतात आणि वायरमन म्हणतो, "ताई, आता पॉइंट काढायचा तर टाइल फोडावी लागेल."

[दृश्य: वरच्या कपाटाखाली पट्टी बसवणारा कारागीर.]

मुख्य दिवा हवा तो वरच्या कपाटांच्या तळाशी. तिथून ओटा जेमतेम दोन फुटांवर, छतापासून सहा-साडेसहा. सुट्या बल्बपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. पट्टीचा उजेड इतक्या झपाट्यानं घटत नाही, तरी जवळ असण्याचा फायदा मोठाच. म्हणून काही वॉटची एलईडी पट्टी इथे पुरते, शिवाय तिच्या आणि हातांच्या मध्ये आपलं डोकं येत नाही.

पण ती बसवायची कुठे? कारागीर बहुतेकदा भिंतीलगत बसवतो, कारण वायर लपते. मग टाइल्स उजळतात, फोटो छान येतो, आणि ओट्याची पुढची कड, जिथे सुरी चालते, तिथे उजेड कमी पडतो. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला घ्या. समोर एक बारीक लाकडी पट्टी दिली की डोळ्यांवर तिरीप येत नाही. एलईडी पट्टीही नुसती चिकटवू नका, ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे झाकण असलेल्या लांबट खाचेत बसवा. धातू उष्णता ओढून घेतो आणि वरचं दुधी झाकण फोडणीच्या तेलकट वाफेपासून वाचवतं, फडक्यानं पुसताही येतं. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर उघड्या पट्टीचे ठिपके आरशासारखे चमकतात, तेही झाकणामुळे टळतं.

[दृश्य: एकच टोमॅटो, दोन वेगवेगळ्या दिव्यांखाली.]

आता रंगाकडे नीट बघू, कारण स्वयंपाक रंगावर चालतो. कांदा गुलाबी झाला का, रवा बदामी भाजला का, बाजारातून आणलेल्या बांगड्याचे कल्ले लाल आहेत का. कोकणातल्या कौलारू घरात तांबड्या कौलांमध्ये एखादं काचेचं कौल बसवलेलं असतं. त्यातून येणाऱ्या उन्हात सगळे रंग असतात, म्हणून त्याखाली पदार्थ जसा आहे तसा दिसतो.

एलईडीचं तसं नाही. निळ्या एलईडीसाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपला पांढरा दिवा बहुधा हाच निळा दिवा असतो, वर पिवळसर फॉस्फरचा, म्हणजे निळ्या उजेडाचा काही भाग पिवळा करणाऱ्या पदार्थाचा, थर दिलेला. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो, पण स्वस्त दिव्यात गडद लाल कमी पडतो. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, त्याचा शंभरपैकी आकडा म्हणजे सीआरआय. खोक्यावर सीआरआय 80 छापलेलं असतं, तेव्हा ती आठ फिकट रंगांची सरासरी असते. गडद लाल, ज्याला आर-नाइन म्हणतात, त्या आठांत मोजलाच जात नाही! म्हणून ओट्यासाठी सीआरआय 90 च्या वरचा दिवा मागा आणि आर-नाइन किती, हेही विचारा. दुकानदाराला सांगता आलं नाही तर दिव्याखाली आपला तळहात धरा. तो फिकट, आजारी दिसला, तर टोमॅटोही तसाच दिसणार.

पिवळा की पांढरा, या वादात माझं मत स्पष्ट आहे. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. 6500 केल्विनचा निळसर पांढरा उजेड दवाखान्यासारखा, 2700 चा पिवळा जेवणाच्या टेबलाला शोभतो. ओट्यावर 4000. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असेल तर दोन्हीकडे फार तफावत ठेवू नका, सलग जागेत ती डोळ्यांना खुपते. देवघराच्या कोनाड्याला छोटा पिवळा दिवा आणि त्याचं बटण वेगळं.

[दृश्य: उघडी भिंत, झिरीत बसवलेले पाइप.]

हे सगळं ठरवायचं ते ओट्याचा आराखडा कागदावर असतानाच. कपाटं कुठे संपतात ते कळलं की वायरमन झिरी मारतो, मग टाइल्स, मग सुतार. पट्टीचा ड्रायव्हर, म्हणजे तिला योग्य वीज पुरवणारी छोटी डबी, कपाटाच्या मागे कायमचा बुजवून टाकू नका. एलईडीच्या आधी बहुधा तोच जातो. वरच्या कपाटात, हात पोचेल अशा कोपऱ्यात, गॅसच्या वाफेपासून दूर ठेवा, म्हणजे बदलायला स्क्रू-ड्रायव्हर पुरेल.