पत्र्याला पाठीनं धरा

मिलिंग मशीनवर कापायला घेतलेला दीड मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा. वाइसमध्ये, म्हणजे शिकंज्यात, आवळला की मधोमध फुगतो. कडांना क्लॅम्प लावले तर कडा बसतात, पण कटर मध्यावर पोचताच पत्रा थरथरतो आणि तो कर्कश आवाज सुरू होतो.

दोष कटरच्या पिळाचा. नेहमीच्या एंड मिलचा, म्हणजे मिलिंगच्या दंडगोल कटरचा, पीळ बुरादा वर काढतो आणि त्यासोबत पत्राही वर ओढतो. जाड जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, ताठपणावर तग धरतो, पत्र्याकडे तो नसतो. म्हणून त्याला कडेनं नाही, पाठीनं धरायचं.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मास्किंग टेप आणि सुपरग्लू. खाली एक सपाट प्लेट घ्या. प्लेट आणि पत्रा, दोन्हींवरचं तेल पूर्ण पुसा. इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया. दोन्हींवर टेपच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावा. एकीवर दुसरी चढली, तर तेवढाच उंचवटा जॉबमध्ये उतरतो. टेप घासून बसवा, एका बाजूच्या टेपवर सुपरग्लूच्या बारीक रेघा ओढा, पत्रा ठेवा, वर वजन. गोंद फक्त टेपला लागतो, पत्रा कोराच राहतो.

या जोडाला उष्णता सोसत नाही. बोथट कटरनं पत्रा तापला की गोंद सैल पडतो. कटर धारदार हवा, काप हलके हवेत. कूलंटचा, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, लोंढा नको, बुरादा हवेनं उडवा.

भागात भोकं असतील, तर ती आधी पाडा, त्यांतूनच खाली ठेवलेल्या एमडीएफमध्ये (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीत) स्क्रू घाला, मग बाहेरचा आकार कापा. मला हीच पकड सगळ्यात भरवशाची वाटते.

तिसरा उपाय व्हॅक्यूमचा: पत्र्याखालची हवा ओढून घ्यायची, म्हणजे वरच्या हवेचा दाब त्याला दाबून धरतो. व्हॅक्यूमचं बळ क्षेत्रफळावर चालतं. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण 1 किलो. म्हणजे 10 बाय 10 सेंटिमीटरच्या पत्र्यावर पूर्ण निर्वातात सुमारे 100 किलो, तर 2 बाय 2 च्या तुकड्यावर जेमतेम 4. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर याचा लहानसा हिस्साच देतो. मोठ्या पत्र्याला तो पुरू शकतो, चिमुकल्या भागाला नाही.

असे चिमुकले भाग शेवटच्या कापात सुटून कटरवर आदळतात. त्यांच्या कडेला दोन-तीन ठिकाणी अरुंद दुवे न कापता ठेवा. पत्रा उतरवल्यावर ते कापा, आणि कानशीनं कड साफ करा.