हवानात नंबर लावताना

श्रोतेहो, नमस्कार. क्यूबाच्या राजधानीत, हवानात, दुकानासमोर गेलात तर रांग दिसेलच असं नाही. कुणी झाडाखाली, कुणी पायरीवर, कुणी समोरच्या फुटपाथवर. पण नंबर प्रत्येकाचा ठरलेला. पोचल्यावर मोठ्याने विचारायचं, ‘उल्तिमो?’ म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. नवखा माणूस एवढ्यावर थांबतो आणि फसतो. त्या माणसाला लगेच विचारायचं, तुम्ही कुणाच्या मागे? तो कंटाळून घरी गेला, तर त्याच्या पुढचा चेहरा ठाऊक हवा. नाहीतर आपला नंबर गेलाच. नंतर येणाऱ्याला हात दाखवेपर्यंत हलायचं नाही. मग खुशाल सावलीत बसा. पिशवी घरूनच न्यायची.

पैसे घेऊन नंबर लावणारेही असतात, त्यांना ‘कोलेरो’ म्हणतात. एकेक जण चार-पाच नंबर धरून ठेवतो आणि विकतो. २०२० साली सरकारने त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली. माल अपुरा असेपर्यंत हा धंदा कसा थांबणार?

रेशनची वही, लिब्रेता, १९६२ पासून चालू आहे. तिच्यावर माणशी रोज एक पाव मिळतो. पूर्वी तो ८० ग्रॅमचा होता. पीठ कमी पडलं म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये ६० ग्रॅमचा झाला.

जानेवारी २०२१ मध्ये दोन चलनांचं एक केलं, डॉलरला २४ पेसो दर ठरला, किमान पगार महिना २,१०० पेसो. २०२४ मध्ये रस्त्यावरचा, म्हणजे काळ्या बाजारातला दर तीनशेच्या वर होता. मधल्या काळात, सप्टेंबर २०२१ पासून, शंभर माणसांपर्यंतच्या खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. त्यांना ‘मिपिमेस’ म्हणतात. त्यांची दुकानं घराच्या ओसरीत, खिडकीत थाटलेली. आयात कोंबडी, पास्ता, तेल, सगळं मिळतं, नंबरही फारसा लावावा लागत नाही. मात्र २०२४ मध्ये तीस अंड्यांचा ट्रे साधारण तीन हजार पेसो होता, म्हणजे किमान पगारात तो बसतच नव्हता.

या दुकानांत रोख लागते, त्यामुळे गर्दी आता एटीएमपुढे. दुकानदार मिळालेली रोख बँकेत भरत नाहीत, कारण त्यांना रस्त्यावर डॉलर घ्यायचे असतात. बँकेतून मोठी रक्कम काढता येत नाही, ही त्यांची दुसरी अडचण. मग यंत्रं रिकामी. नोटा भरल्या की लवकर गाठावं लागतं, आणि मध्येच वीज गेली तर यंत्र बंद. अशा वेळी न सांगता पांगायचं नाही, पुढच्या-मागच्याला सांगूनच जायचं. वीज आली की नंबर तिथूनच पुढे चालू होतो.