भीमेसाठी होडी

(दृश्य: सोलापूरचं मार्केट यार्ड. कांद्याच्या काट्यावर पालथी ठेवलेली लाल होडी.)

काटा २८ किलोवर थांबला. हमालानं विचारलं, "काय हो, ह्याची तोलाई कुणाच्या नावावर लावू?"

ही कनू. दोघांनी बसून वल्हवायची, दोन्हीकडं निमुळती होडी. उजनी धरणाच्या फुगवट्यापासून हत्तरसंग कुडलपर्यंत, सीना जिथं भीमेला मिळते तिथवर जायचं ठरलंय. नुसती होडी ठरवण्यात चार महिने गेले.

पहिली घेतली ती हवा भरायची. घडी करून एसटीत टाकता येते, याच गोष्टीवर भाळलो. हिप्परग्याच्या तलावात काठाला लागताना वेड्या बाभळीचा काटा घुसला, बोटाच्या पेराहून लांब. भीमेच्या काठानं हीच बाभूळ माजलीय. रोज संध्याकाळी पंक्चरच काढायचं तर सायकल काय वाईट?

(दृश्य: बंधाऱ्यामागचं संथ पाणी, कडेला जलपर्णी.)

मग लांबीचा प्रश्न. बंधाऱ्यांमागं भीमा लांबवर तुंबून असते. अशा पाण्यात १६-१७ फुटी, या टोकापासून त्या टोकापर्यंत तळ सरळ असलेली होडी एका वल्ह्यात जास्त अंतर कापते आणि सारखी तोंड फिरवत नाही. केळ्यासारखा बाक असलेली होडी खळाळात चपळ. इथं ती गिरक्या घेत बसेल.

मग तळाची रुंदीतली गोलाई. आडव्या अंगानं सपाट तळाच्या होडीत बसलं की एकदम भक्कम वाटतं, त्यामुळं बघायला गेलेल्या प्रत्येकाला तीच आवडते. पण वारा सुटून लाट आडवी आली की ती लाटेबरोबर कलते. किंचित गोलसर तळ आधी डुलतो, मग सावरतो. मे २०२४ मध्ये उजनीच्या याच पाण्यात कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण गेले. लाइफ जॅकेटवरून आमच्यात कधी वाद झाला नाही.

आम्हा दोघांचं वजन १४५ किलो. तंबू, पाणी, कडक भाकरी, शेंगाचटणीचे डबे धरून आणखी ६०. एवढं भरल्यावरही काठ पाण्याच्या वर वीतभर उरायला हवा. विकणारा सांगतो तो कमाल भार म्हणजे वडापच्या जीपमध्ये किती माणसं मावतात त्याचा आकडा. मावतात, एवढंच.

(दृश्य: पंढरपूर. वाळवंटात ओढून ठेवलेल्या नावा.)

तोवर आमच्या मनात प्लास्टिकची भरली होती. खडकावर आपटली तरी हूं की चूं करत नाही. वजन ३८ किलो. चंद्रभागेच्या वाळवंटात एका म्हाताऱ्या कोळी नावाड्याला फोटो दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, आणि म्हणाले, "पाण्यात ही तुमाला न्हेईल वो. बंधाऱ्यावर हिला कोण न्हेणार?"

गुरसाळे, माचणूर, औज. पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पडतात. वरून पाणी सांडत असलं तरी होडी लोटायची नाही. खाली पडलेलं पाणी जागच्या जागी उलटं फिरतं, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही सोडत नाही. म्हणजे दर बंधाऱ्याला काठाला लागा, सामान उतरवा, काळ्या चिखलातून होडी पलीकडं न्या, परत येऊन सामान न्या.

त्या दिवशी प्लास्टिक बाद झालं. केव्हलारची, म्हणजे बुलेटप्रूफ जॅकेटात असतो त्या हलक्या, चिवट धाग्याची, २० किलोच्या आत येते, पण किंमत ऐकून आम्ही चहा मागवला. फायबरवर जमलं. तडा गेला तर कापड आणि रेझिन लावून ती काठावरच सांधता येते. पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याकडून ते शिकून घेतलं.

(दृश्य: होडीच्या मध्यावरची आडवी लाकडी दांडी, जवळून.)

हे जू. बैलाच्या मानेवर असतं तसंच, फक्त इथं बैल आम्ही. सुतारानं आमच्या मानेचं माप घेऊन खोबण कोरली. होडी पालथी करून खांद्यावर घेतली की मागून नुसते दोन पाय दिसतात.

माचणूरला सराव केला. बंधारा ओलांडेपर्यंत दोनदा टेकावं लागलं. ३८ किलोची असती तर कितीदा, ते मोजायची हौस नाही.