एकच आकडा, दोनदा

(दृश्य: सोलापुरातल्या एका रुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग. सकाळ.)

साडेनऊ वाजलेत. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागली आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्ही भाषा कानावर येतात.

आतल्या खोलीत एक ताई संगणकासमोर बसल्या आहेत. एका औषधाच्या चाचणीचं समन्वयाचं काम त्यांच्याकडं आहे. पडद्यावर डावीकडं रुग्णालयाची नोंद, उजवीकडं संशोधनाचा फॉर्म. डावीकडं हिमोग्लोबिन ९.६. ताई आकडा पुटपुटतात आणि उजवीकडं टाइप करतात. मग पांढऱ्या पेशी. मग प्लेटलेट. मग क्रिएटिनिन.

(जवळून: कीबोर्डवरची बोटं.)

घाईत ९.६ चं ६.९ झालं तर? पेशंट आहे तशीच आहे, पण संशोधनाच्या कागदावर तिचं रक्त धोकादायक कमी झालेलं दिसतं. औषधावर ठपका येऊ शकतो. म्हणून मॉनिटर, म्हणजे चाचणीवर देखरेख करणारी माणसं, येतात, आकडे मूळ नोंदीशी ताडून बघतात. आधी लिहायचं, मग तेच पुन्हा लिहायचं, मग दोन्ही जुळतात का ते बघायचं. ताईंचा निम्मा दिवस यातच जातो, आणि मला हे फार लागतं. कारण पेशंट बाहेर बाकावर बसलेली असते.

या दोन नोंदी थेट जोडता येतात. त्यासाठी एफएचआयआर नावाचं मानक आहे, म्हणजे आरोग्याच्या नोंदी एका संगणकातून दुसऱ्यात पाठवायची ठरलेली पद्धत. या कामातली माणसं त्याला ‘फायर’ म्हणतात. प्रयोगशाळेतून आकडा निघतो तो एकटा निघत नाही. सोबत तपासणीचा संकेतांक असतो, हिमोग्लोबिनचा ७१८-७. एकक असतं, तारीख-वेळ असते. एकक विसरून चालत नाही: क्रिएटिनिन एके ठिकाणी १ लिहितात, दुसऱ्या एककात तेच ८८.४ होतं. पेशंटचं नाव पलीकडं जात नाही, तिथं फक्त तिचा अभ्यास क्रमांक असतो. आलेला आकडा ताईंनी बघून मान्य करायचा. कुणी, कधी मान्य केला, याची खूण मागं राहते.

आकड्यांचं एवढ्यावर भागतं. शब्दांचं भागत नाही.

(दृश्य: बाकावर बसलेल्या बायका. चेहरे दिसत नाहीत.)

मावशी डॉक्टरांना सांगतात, “अंगावरून जातंय.” डॉक्टर तेच लिहितात. पण पांढरं जातंय की रक्त जातंय? संशोधनाच्या फॉर्मवर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी तातडीनं व्हायला हवी. कुठलीही जोडणी हा फरक स्वतःहून काढून देणार नाही. तो विचारावाच लागतो.

आणि नावं! माहेरचं नाव रेशनकार्डावर, सासरचं आधारवर. तेलुगू आडनाव मराठीत एक, इंग्रजीत तीन तऱ्हांनी. मोबाइल नंबर मुलाचा. एकाच बाईच्या तीन फायली तयार होतात. त्याहून वाईट म्हणजे दोन बायकांची एक फाइल होते. आभाचा, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याच्या ओळखीचा, १४ अंकी क्रमांक इथं उपयोगी पडतो, पण तो दर खेपेला विचारला तरच.

(दृश्य: बार्शीचा रस्ता, ज्वारीची शेतं.)

ही विद्या सोलापूर जिल्ह्याला नवी नाही. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतली गावं तिच्यात आली. पेशंट येईल तेव्हा लिहू, असं म्हणून कुणी बसलं नाही. कार्यकर्ते गावात गेले, लक्षणं विचारली, तपासणीला आणलं, रुग्णालयाच्या नोंदी आणि मृत्यूच्या नोंदी एकमेकींशी ताडल्या. पुढं १९९९ पासून शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही या विषाणूमुळं हा कर्करोग होतो; त्याची एकदा केलेली तपासणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यानं कमी करते, हे २००९ मध्ये त्यातून जगाला कळलं. तपासणीच्या यादीतली बाई आणि मृत्यूच्या नोंदीतली बाई एकच आहे की नाही, हे नीट ओळखता आलं नसतं तर हा निष्कर्ष उभाच राहिला नसता.

आता संमती. उपचाराला दिलेला होकार संशोधनाला चालत नाही. आभा क्रमांक दिला म्हणजेही होकार झाला नाही. रुग्णालयाच्या नोंदीतलं नेमकं काय उचलणार आणि कधीपर्यंत, हे तिला कळणाऱ्या भाषेत सांगायचं. वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर, मग अंगठा. तिनं उद्या नको म्हटलं तर त्या दिवसापासून नवी माहिती जाणं थांबलं पाहिजे. ही सोय पहिल्या दिवशीच बांधायला हवी.

(दृश्य: पुन्हा तीच खोली.)

जोडणीची चाचणी चालू आहे, सध्या खोट्या पेशंटांच्या नोंदींवर. ताई कळ दाबतात. उजवीकडं आपोआप ९.६ उमटतं, एककासकट. त्या डावीकडं एकदा बघतात, मान्य करतात, आणि वही घेऊन बाहेर बाकापाशी जातात.

“मावशी, पांढरं जातंय का लाल?”